लाकूड पाणी पितं

एप्रिल निम्मा सरला. स्वीबीच्या धक्क्यावर
बर्फ आता फक्त सावलीतल्या दगडांपाशी.
फेरीच्या तिकीटखिडकीत बसून मी
अकराव्यांदा काल्यूला बुडवते आहे.

दहाव्या खर्ड्यात तो परतला होता.
नवव्यात परतली नुसती घोडी,
गळ्यात तुटका दोर घेऊन.
सातवा मी चुलीत घातला.
खोटं कशाला बोलू, घालणार होते,
मग पाठकोऱ्या बाजूवर
बटाट्यांचा हिशेब लिहिला.

गोष्ट एवढीशीच:
एक माणूस गोठलेल्या समुद्रावरून पलीकडे जातो
चुलीचं लोखंडी दार आणायला,
कारण बिनदाराची चूल म्हणजे
घरभर धूर आणि भावजयीचे टोमणे.
सव्वीस पानं.
तालिनच्या मासिकाची मुदत एप्रिलअखेर.
गेल्या वर्षीही एप्रिलअखेरच होती.
त्याच्या आदल्या वर्षीही.

उर्वे टपालाची पिशवी घेऊन येते,
काही विचारत नाही.
पिशवीचं तोंड जरा जास्त वेळ
उघडं धरते, एवढंच.

"अजून थोडा हात फिरवते," मी म्हणते.
हात फिरवून फिरवून पहिलं वाक्य
इतकं गुळगुळीत झालंय
की त्यावर कुणाचा पाय ठरत नाही.
माझासुद्धा.

रविवारी एंडेलची होडी ओढायला गेले.
सहा महिने कोठारात पालथी पडलेली,
फळ्याफळ्यांतून उजेड दिसत होता.
ढकलली, आणि पाणी आलं की आत!
मी बादली घेऊन धावले.
म्हातारा दगडावर बसून
काळ्या पावावर मासा पसरत होता.

"अहो, बुडतेय!"
"बुडू दे. तहानलंय लाकूड.
कोठारात बसून किती डांबर फासशील?
फळ्या कोरड्यात मिटत नसतात.
पाणी पितात, फुगतात,
मग एकमेकींना धरतात.
दोन दिवस जातात त्यात.
आपण फक्त भोकं बुजवायची."

"आणि भोक कुठलं, फट कुठली,
हे कळायचं कसं?"

त्यानं घास गिळला. बोट वर केलं,
तेलानं माखलेलं.
"हे आत गेलं तर भोक.
नुसती नजर गेली तर फट."

त्या रात्री सव्वीस पानांवरून
मी डोळे नाही, बोट फिरवलं.
चौदाव्या पानावर ते सरळ आत गेलं:
संध्याकाळी निघालेला काल्यू
पंधराव्यावर भर दुपारच्या उन्हात चालत होता.
भावजय निम्म्या गोष्टीत साल्मे, निम्म्या गोष्टीत हेल्मी,
आणि दोघीही रागावलेल्या.
बुजवलं.
बाकी ठिकाणी उजेड येत होता नुसता.
येऊ दिला.

आणि शेवट. अकरावासुद्धा खोडला.
आता तो बुडत नाही, परतत नाही.
साल्मे पावाचा जुना पत्रा
चुलीच्या तोंडाला टेकवून ठेवते
आणि रांधत राहते.
पुढे काय, हे मला ठाऊक नाही.
खरं सांगायचं तर
अकराही वेळा ठाऊक नव्हतं.

मंगळवारी उर्वेनं पिशवी उघडली.
मी पाकीट आत ठेवलं
आणि हात तिथेच राहिला.
"काढ बाई," ती म्हणाली,
"हाताची तिकिटं वेगळी लागतील."

फेरीनं भोंगा दिला, धक्का सोडला.
ती वळत असतानाच आठवलं:
एकविसाव्या पानावर
घोडीचा घोडा झालाय!

उठले. बसले.
काचेवर बोट टेकवून पाहिलं,
जातं का आत.
पलीकडे उथळ पाण्यात एंडेलची होडी
काठोकाठ भरलेली,
फक्त नाक वर,
सावकाश पाणी पीत होती.